हा बिल्ड कायम ठेवा

रोज पहाटे साडेचारला माझ्या साधारण अकराशे टेस्ट कामाला लागतात. तेव्हा मी झोपलेली असते.

माझी नोकरी काय, हे घरी सांगताना मी सोपं करून सांगते. एक सॉफ्टवेअर असतं. ते नीट चालतंय का हे तपासणारं दुसरं सॉफ्टवेअर मी लिहिते. ते आपलं आपण ब्राउझर उघडतं, लॉगिन करतं, फॉर्म भरतं, बटणं दाबतं आणि समोर आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून बघतं. सकाळी डबा भरता भरता फोनवर मेसेज येतो: इतक्या पास, इतक्या फेल. मावशीने एकदा विचारलं होतं, "सगळं तेच करतं, मग तू काय करतेस गं?"

मी ऑफिसात जाऊन रात्री काय झालं ते वाचते. आणि वाचायला काही मिळायचं असेल, तर ते रात्रीच नीट ठेवलं गेलेलं असावं लागतं. ते ठेवण्यात मी एकदा चूक केली, आणि तिची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली. निदान मला तसं वाटतं.

एक टेस्ट चालते तेव्हा मागे बराच पसारा उरतो. कुठल्या सेकंदाला काय केलं याचा लॉग. टेस्ट फेल झाली त्या क्षणाचा स्क्रीनशॉट. कधी पूर्ण रनचा व्हिडिओ. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात काय देवाणघेवाण झाली त्याची फाइल. आणि निकालाची एक छोटी एक्सएमएल फाइल: टेस्टचं नाव, किती सेकंद लागले, फेल असेल तर कारण. या एक्सएमएलच्या साच्याला जेयुनिटचं नाव आहे. जेयुनिट हे जावासाठी केलेलं टेस्टिंगचं साधन. १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना केंट बेक आणि एरिख गामा यांनी विमानात बसून ते लिहायला घेतलं. आज टेस्ट पायथनमध्ये असो नाहीतर जावास्क्रिप्टमध्ये, निकाल बऱ्याचदा याच साच्यात बाहेर पडतो.

या सगळ्या फायलींना मिळून आर्टिफॅक्ट म्हणतात. उत्खननात सापडलेल्या खापरालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि तो इथे शोभतो. कारण ज्या मशिनवर टेस्ट चालते, ते मशिन नंतर उरत नाही. रन सुरू झाला की क्लाउडवर एक कोरं मशिन उभं राहतं आणि काम संपलं की पुसलं जातं. कालच्या रनचा कचरा आजच्या निकालात मिसळू नये म्हणून हे मुद्दाम करतात. पण मग पुसण्याआधी ज्या फायली बाहेर काढल्या, तेवढ्याच राहतात. बाकी गाव बुडालं.

यात एक मेख आहे. पाइपलाइन म्हणजे ओळीने लावलेल्या पायऱ्या: कोड आणा, बिल्ड करा, टेस्ट चालवा, फायली जपून ठेवा. एखादी पायरी फेल झाली की पुढच्या पायऱ्या आपोआप टाळल्या जातात. म्हणजे टेस्ट फेल झाली, तर फायली जपायची पायरी चालतच नाही! सगळं सुरळीत पार पडलं की कुणालाच नको असलेल्या फायली व्यवस्थित जपल्या जातात, आणि काही बिघडलं की पुरावा मशिनबरोबर जातो. हे टाळायचं तर त्या पायरीला वेगळं बजावून सांगावं लागतं की बाबा, काहीही होवो, तू चाल. जेनकिन्समध्ये त्यासाठी 'ऑल्वेज' लिहितात, गिटहब ॲक्शन्समध्येही 'ऑल्वेज'.

हा शब्द मला नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात तिने शिकवला. ती माझ्या शेजारी बसायची. माझ्याहून दोन वर्षांनी अनुभवी, पण कॉन्ट्रॅक्टवर, दुसऱ्या कंपनीमार्फत आलेली. तिच्या आयकार्डाची दोरी वेगळ्या रंगाची होती. कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये ती दोरी सगळ्यांना दिसते आणि कुणीच तिच्याबद्दल बोलत नाही.

मला लागून सहा महिने झाल्यावर एका सोमवारी आमचं जेनकिन्स बंद पडलं. डिस्क भरली होती. दीड वर्षाचे व्हिडिओ साठले होते, पास झालेल्या टेस्टचेसुद्धा. कुणाचंच काम पुढे सरकत नव्हतं, आणि नवीन म्हणून हे निस्तरायचं माझ्याकडे आलं. मला एक सेटिंग सापडलं: जुने बिल्ड टाकून द्या. समोर एक चौकोन, शेवटचे किती ठेवायचे? मी १० लिहिलं. दहाच का, याला काही उत्तर नाही. बरा आकडा वाटला. तासाभरात डिस्क मोकळी झाली. लीडने ग्रुपवर अंगठा टाकला, मागोमाग आणखी चार जणांनी. ऑफिसात आपला काही उपयोग आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मला तेव्हा एक गोष्ट दिसली नाही. पहाटेचा मोठा रन आणि दिवसभरात कुणी कोड टाकला की होणारे छोटे रन, हे सगळे एकाच जॉबमध्ये मोजले जात होते. कामाच्या दिवशी दहा बिल्ड संध्याकाळपर्यंत सहज होत. म्हणजे पहाटे जे घडलं ते दिवेलागणीला नाहीसं.

आमच्या क्लायंटचं ॲप होतं घरी येऊन रक्ताचा नमुना नेण्याची वेळ बुक करायचं. त्यात 'आज' असं नवं बटण येणार होतं. ते दाबायचं, सकाळी सातची वेळ निवडायची, की झालं बुकिंग. त्याची टेस्ट लिहिलेली होती: 'आज' दाबा, वेळ निवडा, शेवटच्या पानावर आजचीच तारीख आहे ना ते बघा.

ही टेस्ट मधूनच फेल व्हायची. दोन दिवस पास, एक दिवस फेल, पुन्हा तीन दिवस पास. आणि सकाळी दहाला चालवली की हमखास पास.

अशा टेस्टसाठी आमच्याकडे फार सोयीचा शब्द आहे, फ्लेकी. एकदा फ्लेकी म्हटलं की तिच्यात लक्ष घालावं लागत नाही. रीरन करायची, हिरवी झाली की चहाला जायचं. ती ग्रुपवर लिहायची, "स्लॉटवाली आज पण फेल. चौथ्यांदा." खाली त्या बिल्डची लिंक. त्यावर माझं उत्तर अजून ग्रुपवर आहे: "फ्लेकी आहे गं. रीरन केली, पास." पुढे हसरा चेहरा.

गुरुवारी रिलीज झालं. शनिवारी तक्रारी आल्या.

पहाटे पाचला उठून 'आज' दाबून सातची वेळ घेतलेल्या लोकांकडे कुणी गेलंच नव्हतं. असल्या तपासणीला माणसं आदल्या रात्रीपासून उपाशी असतात. माझ्या आईची दर तीन महिन्यांनी असते, म्हणून मला ते नीट माहीत आहे. सात वाजतात, साडेसात होतात, ती दारात खुर्ची टाकून बसते. चहा घेता येत नाही. शुगरची गोळी खायची तर आधी पोटात काही हवं. त्या शनिवारी अशी किती माणसं किती दारांत बसून राहिली असतील?

कारण सापडायला एक दिवस लागला, आणि ते अगदी साधं होतं. सर्व्हर यूटीसीवर चालत होता. भारतीय वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तारीख बदललेली असते आणि सर्व्हर अजून कालच्यातच असतो. फोनवर 'आज' म्हणजे १४, सर्व्हरच्या लेखी 'आज' म्हणजे १३. बुकिंग १३ तारखेला जाऊन पडत होतं. नमुने गोळा करणाऱ्या मुलांच्या १४ तारखेच्या यादीत ती नावंच नव्हती.

आता टेस्टकडे परत येऊ. टेस्टमधला ब्राउझर भारतीय वेळेवर लावलेला होता. रन साडेचारला सुरू व्हायचा आणि स्लॉटवाल्या टेस्टची पाळी साधारण तासाभराने यायची. रांग मोकळी असेल तर पाच वीसला, गर्दी असेल तर पाच चाळीसला. पाच वीसला फेल, पाच चाळीसला पास. सकाळी दहाला अर्थातच पास. ती टेस्ट फ्लेकी नव्हतीच. ती दरवेळी खरं तेच सांगत होती.

फेल झालेल्या चार रनचे चार लॉग शेजारी शेजारी ठेवले असते, तर पाच मिनिटांत कळलं असतं. चारही वेळा साडेपाचच्या आत. स्क्रीनशॉट पाहिला असता, तर एकाच पानावर वर १४ आणि खाली १३ दिसलं असतं. पण शेजारी ठेवायला चार फायली एका वेळी हाताशी असाव्या लागतात. आमच्याकडे कधीच एकीहून जास्त नव्हती.

मीटिंग झाली. क्लायंटकडचे लोक कॉलवर होते. प्रश्न ठरलेला होता: टेस्टिंगमध्ये हे कसं सापडलं नाही? ती म्हणाली, "टेस्ट फेल होत होती. मी चार वेळा ग्रुपवर टाकलं होतं." लीड म्हणाले, दाखव. तिने स्क्रीन शेअर करून ग्रुपवरची पहिली लिंक उघडली. ४०४. दुसरी उघडली. ४०४. चौथीपर्यंत तेच. मग ती जेनकिन्सच्या मुख्य पानावर गेली. तिथे शेवटचे दहा बिल्ड ओळीने, सगळ्यांपुढे निळे गोळे. जेनकिन्सच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पास झालेला बिल्ड निळा दिसायचा. ते बनवणारे कोहसुके कावागुची जपानी, आणि जपानमध्ये सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळा म्हणायची पद्धत आहे. आमचा सर्व्हर जुनाच होता. मोठ्या स्क्रीनवर दहा निळे गोळे, आणि कॉलवरचं कुणीतरी म्हणालं, "बट ऑल ऑफ दीज आर पासिंग."

त्या खोलीत ४०४ का येतंय हे नक्की माहीत असलेली मी होते. मी बोलले नाही. माझ्या प्रोबेशनचे शेवटचे दोन आठवडे राहिले होते. हे मी कारण म्हणून सांगतेय, सबब म्हणून नाही. फरक किती आहे, ते तुम्ही ठरवा.

दुसऱ्या दिवशी मी लीडला एकट्याला गाठून सांगितलं. ते म्हणाले, "ओके, सेटिंग बदलून टाक." मीटिंगचं टिपण मात्र तसंच राहिलं. त्यात लिहिलं होतं की टेस्ट फेल झाल्याचा पुरावा उपलब्ध नाही. वाक्य खोटं नव्हतं.

संध्याकाळी टपरीवर मी तिला सांगितलं. तिने चहाचा ग्लास कठड्यावर ठेवला. "मला माहितीये. सेटिंग कुणी बदललं ते दिसतं की तिथे."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलशील वाटलं."

दोन महिन्यांनी तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. कारण बजेटचं दिलं. असेलही. त्या तिमाहीत आणखी दोघांचं वाढलं नव्हतं. त्या मीटिंगचा याच्याशी संबंध होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि नव्हता असंही नाही.

कॉम्प्युटरच्या जगात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या अवाढव्य कॉम्प्युटरच्या एका रिलेमध्ये दिव्याभोवती घिरट्या घालतो तसला एक पतंग अडकलेला सापडला. काम करणाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला. ग्रेस हॉपर यांनी ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली, आणि ती वही आता अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. सगळे त्या पतंगाबद्दल बोलतात. त्या मीटिंगनंतर मी त्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा मला पतंगाच्या आधीची ओळ दिसली. दुपारी ३:२५, बेरजेच्या यंत्रणेची टेस्ट सुरू. मग ३:४५, पॅनल एफ, रिले क्रमांक ७०, पतंग. कुठली टेस्ट, किती वाजता, नेमकं कुठे, आणि शेजारी वस्तूच चिकटवलेली. त्यांच्याकडे एक वही आणि एक पेन होतं.

आईची एक पिशवी आहे. साड्यांच्या दुकानातली, बंद जाड कागदी. तिच्यात तिचे सगळे रिपोर्ट असतात. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, "जुने रिपोर्ट आणलेत का?" डॉक्टर ते टेबलावर ओळीने मांडतात आणि मगच बोलतात. एका आकड्यावरून त्यांनाही काही कळत नाही. एकदा जुना ईसीजी काढला तर कागद जवळजवळ कोरा होता. तो कागद उष्णतेने छापतात, काही वर्षांत पुसट होतो. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळेपासून आल्या आल्या झेरॉक्स काढून ठेवत जा. आई तेव्हापासून प्रत्येक ईसीजीची झेरॉक्स काढते, नॉर्मल आला असेल त्याचीही. मी तिला म्हटलं, नॉर्मलची कशाला? तर म्हणाली, "बिघडला तर कशाशी लावून बघणार?"

टेस्टच्या फायली कशा ठेवाव्यात याबद्दल मी बरंच वाचलंय. तरी आईच्या या वाक्यापेक्षा उपयोगी काही सापडलं नाही.

आता आमच्याकडे पहाटेचा रन वेगळा जॉब आहे. दिवसाच्या गर्दीत तो ढकलला जात नाही. एक्सएमएल आणि लॉग, पास असोत की फेल, वर्षभर राहतात. मजकूर जागा फारशी खात नाही, झिप केला की आणखी कमी. जागा खातो तो व्हिडिओ. म्हणून व्हिडिओ सगळ्यांचा काढायचा पण फेल झाला तरच ठेवायचा, असं सेटिंग आहे. प्लेराइटसारख्या साधनांमध्ये ते तयारच मिळतं. फेल झालेल्या रनचं सगळं ९० दिवस. गिटहब ॲक्शन्सवर आपण काही सांगितलं नाही तर तेवढेच दिवस धरतात, पण आम्ही हा आकडा आमच्या रिलीजचं वेळापत्रक बघून ठरवला. कुठून आला विचारलं तर मला सांगता येतं.

फाइलच्या नावात टेस्टचं नाव, बिल्डचा क्रमांक आणि कितवा प्रयत्न तेही असतं. टेस्ट फेल झाली की ती आपोआप पुन्हा चालते, आणि नाव तेच राहिलं तर दुसऱ्या प्रयत्नाचा स्क्रीनशॉट पहिल्यावर लिहिला जातो. पास झालेला प्रयत्न फेल झालेल्याला पुसून टाकतो. वेळ लिहिताना ती यूटीसी की भारतीय, हेही लिहितो. का, ते सांगायला नको.

आणि सगळंच जपायचं नसतं, हेही शिकले. लॉगमध्ये पासवर्ड येतात, लॉगिनचे टोकन येतात. टेस्टसाठी खऱ्या माणसांची माहिती वापरली असेल, तर स्क्रीनशॉटमध्ये कुणाचा तरी फोन नंबर आणि आजार दोन्ही दिसतात. अशा फायली वर्षभर उघड्यावर ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे. म्हणून टेस्टमधली माणसं खोटी, टोकन लॉगमध्ये पडण्याआधीच झाकलेले, आणि फायली टीमबाहेर कुणाला दिसत नाहीत.

हे सगळं लावायला मला तीन दिवस लागले. त्यात अवघड काही नव्हतं.

त्या आठवड्यात मी आणखी एक काम केलं. जुना कोड पुन्हा लावला, पहाटे चार चाळीसचा गजर लावून उठले, आणि अंधारात लॅपटॉप मांडीवर घेऊन फक्त स्लॉटवाली टेस्ट चालवली. लाल. स्क्रीनशॉट उघडला. वर १४ च्या जागी त्या दिवशीची तारीख, खाली आदल्या दिवशीची. ती चार वेळा दाखवू पाहत होती, ते मी एकदाच पाहिलं. जेनकिन्समध्ये प्रत्येक बिल्डच्या पानावर एक बटण असतं, 'हा बिल्ड कायम ठेवा' अशा अर्थाचं. ते दाबलं की कुठलंही सेटिंग त्याला हात लावत नाही.

टीममध्ये नवीन मुलं येतात. डिस्क बघताना कुणाला तरी तो दिसतो: दोन वर्षांपूर्वीचा, एकटा, लाल. विचारतात, "हा उडवू का? काही कामाचा नाही ना?" मी विचारते, किती जागा घेतोय? ३८ एमबी. मग मी म्हणते, राहू दे. वेळ असला तर गोष्ट सांगते, आणि सांगताना मी त्या खोलीत कुठे बसले होते तेही सांगते.

तिला ती लिंक पाठवावी असं अनेकदा मनात येतं. पण ऑफिसच्या नेटवर्कबाहेर ती उघडत नाही.